जॉन झॉर्नची 'सिम्युलॅक्रम' मालिका : खर्ज कोण सांभाळतो?

खर्जातला_वऱ्हाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जॅझ आणि मेटल (कडक, मोठ्या आवाजाचं रॉक) एकत्र करणाऱ्या बँडांवर आपण तुकड्यातुकड्यांनी बरंच बोललो, पण 'सिम्युलॅक्रम'चे अल्बम ओळीने कोणी मांडले नाहीत. म्हणून हा धागा.

संगीत सगळं जॉन झॉर्नचं (जन्म १९५३, न्यूयॉर्क), पण एरवी सॅक्सोफोन वाजवणारा हा माणूस 'स्पिनोझा' सोडला तर या बँडमध्ये स्वतः वाजवत नाही, फक्त लिहितो. वाजवणारे तिघं: ऑर्गनवर जॉन मेडेस्की, गिटारवर मॅट हॉलेनबर्ग, ड्रमवर केनी ग्रोहाउस्की. सगळे अल्बम झॉर्नच्याच त्झाडिक कंपनीचे. २०१५ या एका वर्षात तीन आले: 'सिम्युलॅक्रम', 'द ट्रू डिस्कव्हरीज ऑफ विचेस अँड डीमन्स' आणि 'इन्फर्नो'. २०१६ मध्ये 'द पेंटेड बर्ड' आणि जिल द रे या फ्रेंच सरदारावरचा लांबलचक नावाचा अल्बम (खाली त्याला '४९' म्हणतो). २०१७ ला 'द गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स'. २०२० ला प्रत्यक्ष मैफलीचा 'बियाँड गुड अँड एव्हिल' आणि 'बॅफोमेट', २०२१ ला 'नॉस्ट्राडेमस', २०२२ ला 'स्पिनोझा'.

माझं म्हणणं असं की हे अल्बम विषयावरून किंवा आवाजाच्या जोरावरून वेगळे होत नाहीत, खर्ज कोणाच्या हातात आहे त्यावरून होतात. मूळ तिघांत बास गिटारवाला नाहीच. खालचा सूर मेडेस्कीच्या डाव्या हाताकडे आणि पायाकडे. डावा हात खर्जात अडकला की उजव्याला एकट्याने सगळं बोलावं लागतं, म्हणून 'सिम्युलॅक्रम' आणि '४९' इतके आवळलेले, कोरडे, टोकदार वाटतात. 'विचेस अँड डीमन्स'मध्ये ट्रेव्हर डन बास घेऊन येतो, सोबत दुसरा गिटारवाला मार्क रिबो. तिथे मेडेस्कीचा डावा हात मोकळा झालेला स्पष्ट कळतो: ऑर्गन पसरतो, दोन्ही हातांचे जाड सूरसमूह येतात. 'गार्डन'मध्येही डन आहे, तिथेही तेच.

नव्याने ऐकणाऱ्याने पहिल्या अल्बमची 'द इल्युजनिस्ट' ही पहिली रचना तीनदा ऐकावी. पहिल्यांदा फक्त डावा हात, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, तिसऱ्यांदा सगळं. एकदम सगळं धरायला गेलं की दोन मिनिटांत कान थकतो.

तुमची मतं सांगा.

वडसा_पेटीवाला

विषय चांगला काढलात दादा. खर्जाचा मुद्दा पटला. त्याआधी एक घोळ निस्तरतो, कारण आपल्याकडे 'ऑर्गन' म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी डोळ्यासमोर येते. झाडीपट्टीच्या नाटकांतही पेटीवाल्याला कितीतरी ठिकाणी 'ऑर्गनवाला'च म्हणतात. मेडेस्कीचं वाद्य हॅमंड ऑर्गन आहे आणि त्याचं पायपेटीशी पोटातून काही नातं नाही.

पायपेटीत पायाने भाता चालतो, हवा पितळी पट्ट्यांवरून जाते, पट्टी थरथरते. हॅमंडमध्ये हवाच नाही. एक मोटर दातेरी पोलादी चकत्या फिरवते, ९१ चकत्या. प्रत्येक चकतीजवळ चुंबक आणि तारेचं वेटोळं, दाता समोरून गेला की वेटोळ्यात वीज हेलकावते, तोच सूर. हे वाद्य १९३५ ला बाजारात आलं. जॅझवाल्यांचं लाडकं बी-३ मॉडेल १९५४ चं: ६१-६१ पट्ट्यांचे दोन मजले आणि पायाखाली २५ पट्ट्या.

सुराचा रंग नऊ दांड्यांवर ठरतो, प्रत्येक दांडी ० ते ८ बाहेर ओढायची. त्यांच्यावर फुटांचे आकडे असतात (१६, ५ १/३, ८, ४, २ २/३, २, १ ३/५, १ १/३, १), ते आपल्या सरगमीत असे लावा. पट्टी सा ची दाबली, तर क्रमाने: खालचा सा, प, मूळ सा, तार सा, तार प, अतितार सा, मग त्याच सप्तकातले ग आणि प, आणि शेवटी आणखी एक सप्तक वरचा सा. पहिल्या तीनच दांड्या पूर्ण ओढून बाकी आत ठेवल्या (८८८००००००) की जॅझ ऑर्गनचा तो ओळखीचा गोल आवाज. नऊही बाहेर काढल्या की भिंत उभी राहते. मेटलच्या गिटारसमोर टिकायला अशी भिंत लागते, आणि 'इन्फर्नो'च्या वीसेक मिनिटांच्या शीर्षक रचनेत ती भिंत चढते-उतरते ते लक्ष देऊन ऐका.

गरगरणारा आवाज हॅमंडचा नाही, त्याला जोडलेल्या लेस्ली खोक्याचा. वर फिरतं भोंगं, खाली १५ इंची स्पीकरसमोर फिरता पिंप, दोन्ही उलट दिशांना. हळू गतीत भोंगं मिनिटाला ४५-५० फेरे मारतं, जलद गतीत ४०० च्या आसपास. गती बदलली की भोंगं लगेच पळतं, जड पिंप मागून येतं. तो मधला काही सेकंदांचा झोका मेडेस्की तोड्यासारखा वापरतो.

साउंडवाला_पुसद

पेटीवाले काका, मोटरचं एक राहिलं. ती सिंक्रोनस असते, म्हणजे गती व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालते. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. तिकडचा जुना ऑर्गन नुसता ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवला तर सगळे सूर ५/६ पटीने उतरतात: सा दाबला की मंद्रातला शुद्ध धैवत ऐकू येतो. ट्यूनिंगचा खिळा शोधून उपयोग नाही, तसा खिळाच नसतो. फ्रीक्वेन्सी बदलणारं यंत्रच लावावं लागतं.

आता ऐकण्याबद्दल. 'ऑर्गन ऐकूच येत नाही, नुसता गोंगाट आहे' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या फोनमध्ये इक्वलायझर 'रॉक' किंवा 'हेवी मेटल'वर असतो. या तयार सेटिंगा मधला भाग खाली दाबतात आणि दोन टोकं उचलतात. ऑर्गन आणि गिटार दोघांचा जीव साधारण ३०० ते २००० हर्ट्‌झमध्ये आहे. तोच कापला तर राहतो फक्त ड्रमचा धबधबा.

हे करा:
इक्वलायझर सपाट. डॉल्बी, 'सराउंड', 'बास बूस्ट' सगळं बंद.
एकाच स्पीकरचा ब्लूटूथ डबा नको, लेस्लीचं फिरणं डाव्या-उजव्या कानात आहे, ते एका स्पीकरमध्ये मरतं. साधा वायरवाला हेडफोनसुद्धा त्याहून बरा.
आवाज अर्ध्याच्या थोडा वर. हे अल्बम आधीच भरगच्च आहेत, पूर्ण आवाजात स्वस्त हेडफोनचा पडदा फाटल्यासारखा वाजतो आणि तो दोष बँडच्या माथी जातो.

रेंज जिथे टिकत नाही तिथे फाइल आधी उतरवून ठेवा. ३२० केबीपीएसची एमपी-३ मिनिटाला २.४ एमबी घेते, चाळीस मिनिटांचा अल्बम ९६ एमबी. रोजच्या दीड जीबीत सहज बसतो.

लग्नातल्या डीजे संचावर मात्र हे वाजवून बघू नका. ते संच १०० हर्ट्‌झच्या खाली आणि शिट्टीच्या पट्टीत फुगवलेले असतात.

ढोलकी_गोंदिया

खर्जाचं ठीक आहे, पण धागाकर्त्याशी मी असहमत आहे. या मालिकेचा कणा ग्रोहाउस्की आहे. इम्पीरियल ट्रायम्फंट या न्यूयॉर्कच्या ब्लॅक मेटल बँडचा ड्रमर हाच, त्यामुळे दोन्ही पायांनी बास ड्रम पळवणं त्याला अंगवळणी. अंदाजासाठी हिशेब: २०० च्या लयीत (मिनिटाला २०० मात्रा) एका मात्रेत चार ठोके म्हणजे सेकंदाला तेराच्या वर. आता 'बॅफोमेट' ऐका. त्याच पायांनी हा माणूस एकदम अर्ध्या लयीत उतरतो आणि वर झांजेवर जॅझचा झुलता ठेका ठेवतो. लय बदलते तिथे ऑर्गन किंवा गिटार इशारा देत नाही, ड्रम देतो. बहुतेक वेळा एक मात्रा आधी.

ज्यांना मात्रा सुटतात त्यांच्यासाठी एक सराव, आपल्या भजनाच्या केरव्यावर. हाताने ८ मात्रांचा केरवा धरा. तोंडाने 'तकिट तकधिमि' म्हणा, ३ + ४ = ७. दोन्ही समेपासून सुरू करा. तोंडाचा बोल दर फेरीत एक मात्रा आधी संपेल आणि हात-तोंड एकमेकांपासून सरकत जातील. ५६ मात्रांनी, म्हणजे केरव्याची ७ आवर्तनं आणि बोलाच्या ८ फेऱ्या झाल्यावर, दोघं पुन्हा समेवर भेटतात. मेटलमधला 'गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे' हा प्रकार मुळात एवढाच आहे. सुरुवात ८० च्या लयीने. चूक एकाच ठिकाणी होते: 'मि' नंतर नकळत एक मात्रा थांबतो आणि सातचे आठ होतात. हात सुटला असं वाटतं, प्रत्यक्षात तोंड थांबलेलं असतं.

मोझरी_रस्ता

ढोलकी भाऊ, सात मात्रांसाठी रूपक का नाही धरायचा? आमच्याकडच्या खंजिरीवाल्या मुलांना तोच लवकर समजेल असं वाटतं.

ढोलकी_गोंदिया

रूपक धरला की घात होतो ताई. रूपकाची सम 'खाली'वर (टाळी न देता हात सोडायची मात्रा), ती हलकी. आणि त्याची विभागणी ३-२-२. मेटलच्या सातात पहिल्या मात्रेवर सगळ्यात जड घाव असतो. मुलं सवयीने पहिली मात्रा हलकी सोडतील, जोर चौथ्या मात्रेवर जाईल, आणि गिटारवाल्याला वाटेल की सम चौथीवर आहे. तिथून पुढे कोणीच सापडत नाही. नुसते बोल म्हणा, तालाचं नाव घेऊ नका.

खंजिरी मात्र या संगीताला फार चांगली. तिच्या झांजा हाय-हॅटची (ड्रमसंचातल्या जोड-झांजांची) जागा घेतात आणि कातडं वेगळं बोलतं.

पूर्णाकाठ

राजेहो, तुमी सगळे तिघायच्याच मागं लागले. मले त सगळ्यात जमलेला 'द पेंटेड बर्ड' वाटते. काऊन, त सांगतो. त्याच्यात केनी वॉलेसनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यायवर काठीनं वाजवाचं वाद्य) हाय आन् चेस स्मिथचे काँगा आन् हैतीकडले ढोल. हातानं वाजवलेलं कातडं आलं की मेटलचा कडकपणा जराक नरम पडते, आपल्या कानाले ओळखीचं लागते. व्हायब्राफोनचा आवाज लांबते, ऑर्गनचा बोट उचललं की तुटते. दोन्ही एकाच सुरावर आले की एक दुसऱ्याची शेपटी पुरी करते. असं बाकीच्या अल्बमात नाही सापडत.

पण एक गोष्ट मले खटकते आन् ते मी सरळ सांगतो. नावं. भूतं, चेटूक, सैतान. त्यातला तो जिल द रे त लेकरायच्या खुनासाठी १४४० मंदी फाशी गेलेला माणूस. देवळापुढच्या ओट्यावर बसून आयकनाऱ्या पोराले हे नाव कोनी वाचून दाखवलं त थे काय समजन?

खर्जातला_वऱ्हाडी

भाऊ, आक्षेप रास्त आहे आणि तो झॉर्नला नवा नाही. त्याच्या आधीच्या नेकेड सिटी या बँडच्या मुखपृष्ठांवरून अमेरिकेतल्या आशियाई समाजाने जाहीर विरोध केला होता, आणि त्यातले दोन अल्बम पुढे एकत्र काळ्या खोक्यात घालून विकले गेले. मला ती मुखपृष्ठं आजही नकोशी वाटतात. 'सिम्युलॅक्रम'मध्ये निदान चित्रांचा तो प्रकार नाही, आणि शब्द जवळपास नाहीतच. 'गार्डन'मध्ये सारा सेर्पाचा आवाज आहे, तो सुरासारखा येतो. लहान मुलांना ऐकवायचंच असेल तर '४९' वगळून 'गार्डन' ऐकवा आणि सोबत हिएरोनिमस बॉश या चित्रकाराचं त्याच नावाचं तीन फळ्यांचं चित्र दाखवा. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, अल्बम त्याच्यावरच आहे.

ढोलकी भाऊंना उत्तर: लय कोण बदलतो हा प्रश्न आहेच, पण बदल ठरवलेला असतो. १९८० च्या दशकात झॉर्न कार्डांवर एकेक प्रसंग लिहायचा आणि कार्डं ओळीने लावून रचना करायचा, १९८७ चा 'स्पिलेन' तसाच बांधलेला. इथेही ते शिवणकाम दिसतं: तुकडा, कापणी, तुकडा. फरक एवढा की नेकेड सिटीत तुकडे सेकंदांचे होते ('टॉर्चर गार्डन'वर ४२ रचना अर्ध्या तासाच्या आत), इथे मिनिटांचे आहेत. म्हणून ऑर्गनला तापायला वेळ मिळतो.

आणि या तिघांचं खरं घराणं बघायचं तर १९६९ च्या 'इमर्जन्सी!' या अल्बमकडे जा. टोनी विल्यम्स ड्रम, जॉन मॅक्लॉफ्लिन गिटार, लॅरी यंग ऑर्गन. तीच तीन वाद्यं. तोच मॅक्लॉफ्लिन पुढे झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती'त बसला, तेव्हा आपण बोल म्हणून मात्रा मोजतोय यात ओढूनताणून काही नाही.

कापूसपट्टा_गिटार

सगळं वाचलं. प्रत्यक्ष वाजवून पाहायचं असेल तर? साहित्य: ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड, एक इलेक्ट्रिक गिटार, डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं), ढोलकी, खंजिरी, आणि भजनी मंडळाचा चार चॅनेलचा मिक्सर, १२ इंची दोन स्पीकर. बास गिटार नाही. हार्मोनियम आहे, ती चालेल का?

वडसा_पेटीवाला

हार्मोनियम बाजूला ठेवा. खर्जाच्या आतल्या पितळी पट्ट्या मोठ्या असतात, हवा लागल्यावर बोलायला त्यांना वेळ लागतो. जलद तुटक खर्ज वाजवला की अर्धे सूर उमटतच नाहीत, आणि भाता जोरात मारला तर बाकी सूर कर्कश होऊन बोचतात. लांब धरलेल्या सुरांच्या भागात ती छान लागेल, पण माइक तिच्याजवळ आणला की ढोलकीही त्यातच शिरते.

कीबोर्डवर असं करा. 'टच' बंद, हॅमंडला जोर-हलक्याचा फरक कळत नाही. सस्टेन पेडल काढूनच ठेवा. 'स्प्लिट' चालू करून डावीकडची दोन सप्तकं वेगळी काढा, उजवीकडे जॅझ किंवा रॉक ऑर्गन, डावीकडे ऑर्गनचाच साधा गोल आवाज. डावीकडे बास गिटारचा आवाज लावायचा मोह होतो, तो टाळा, दोन वाद्यं ऐकू येतात आणि या बँडची गंमत एकाच वाद्यातून दोन माणसं बोलण्यात आहे.

डावा हात एका वेळी एकच सूर, तोही तुटक. अंगठा आणि करंगळी सप्तकाच्या अंतरावर ठेवून आलटून-पालटून वाजवा, दोन्ही एकदम नको. पहिले आठ दिवस उजवा हात मांडीवर. डावा हात 'तकिट तकधिमि'वर दहा मिनिटं न अडखळता चालला की मगच उजव्याने दोन सुरांचा धरलेला स्वरमेळ द्या.

साउंडवाला_पुसद

मिक्सरवर सगळ्यात आधी खर्जाची भांडणं मिटवा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झवर आहे, ऑर्गनचा डावा हातही तिथेच. दोघं एकत्र आले की चिखल. नियम: खाली ऑर्गन, वर गिटार. गिटारच्या चॅनेलवर 'लो कट' दाबा (साध्या मिक्सरवर तो ७५ ते १०० हर्ट्‌झचा असतो), 'लो'ची घुंडी डावीकडे. ऑर्गनच्या आवाजात १६ फुटी दांडी चालू असेल तर डाव्या हाताचा सूर आणखी एक सप्तक खाली जातो, ३०-४० हर्ट्‌झमध्ये. १२ इंची स्पीकर तो वाजवू शकत नाही, नुसता पडदा हलतो आणि अँप तापतो. दांडी आत ढकला किंवा डावा हात एक सप्तक वर घ्या.

डिस्टॉर्शनचा 'गेन' अर्ध्याच्या खाली. एकट्याने वाजवताना पातळ वाटेल, सगळे वाजवायला लागले की बरोबर बसेल. उलट केलं तर ऑर्गन गिळला जातो, मग ऑर्गनवाला आवाज वाढवतो, मग ढोलकीचा माइक वाढतो आणि शिट्टी सुरू.

घूं आवाज आला तर: सतत, जाड, गिटारवर हात ठेवला की कमी होणारा असेल तर आधी अर्थिंग तपासा. गावात बऱ्याच घरांत तिसरी पिन नुसती शोभेची असते. खांबाजवळ ओल्या जागी अर्थिंगची सळई आधी नीट करून घ्या, वायरमनकडूनच. मिक्सर, कीबोर्ड, गिटारचा अँप तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. अर्थिंगची पिन तोडून घूं घालवायचा प्रकार कोणी सांगितला तर ऐकू नका, गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामधून झटका बसतो आणि तो जीवघेणा असू शकतो.

घूं ५० किंवा १०० हर्ट्‌झचा असतो, दोन्ही पाश्चात्त्य 'जी' सुराच्या किंचित वर आहेत. गेलाच नाही तर निदान त्या सुरात रचना बांधू नका, सगळं बेसूर वाटेल.

फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर फोन स्पीकरसमोर नको. तीन-चार मीटर लांब, खाटेवर गोधडीची घडी टाकून तिच्यावर. फोन स्वतःच आवाज वर-खाली करतो, म्हणून आधी सगळ्यात जोराचा भाग अर्धा मिनिट वाजवून बघा.

मोझरी_रस्ता

'स्पिनोझा'बद्दल कोणीच बोललं नाही. त्यात बिल फ्रिझेल गिटारला आणि झॉर्न स्वतः सॅक्सोफोनला आहे. मला तो मालिकेतला सगळ्यात मोकळा अल्बम वाटतो. फ्रिझेलची गिटार हॉलेनबर्गशी भांडत नाही, त्याच्या मागे धुक्यासारखी राहते. याच तिघांत ब्रायन मार्सेला इलेक्ट्रिक पियानो घेऊन बसला की 'केऑस मॅजिक' हा चौघांचा बँड होतो, २०२१ पासूनचा. तिथे खर्जाचा प्रश्न बदलतो का?

खर्जातला_वऱ्हाडी

खर्जाचा नाही, मधल्या पट्टीचा बदलतो ताई. मार्सेलाचा पियानो मध्य सप्तकात घंटेसारखा वाजतो, म्हणून मेडेस्की तिथून निघून वरच्या दांड्यांकडे जातो. खर्ज त्याच्याकडेच. ज्यांना 'सिम्युलॅक्रम' फार कोरडा वाटतो त्यांनी उलट वाटेने यावं: आधी 'केऑस मॅजिक', मग 'पेंटेड बर्ड', मग पहिला अल्बम.

ढोलकी भाऊ, 'बॅफोमेट' पुन्हा ऐकला. चाळीसेक मिनिटांची अखंड रचना आहे, आणि लय उतरते त्या जागी एक मात्रा आधी ड्रम बोलतो हे तुमचं खरं. पण त्याच्याही आधी डावा हात थांबतो. खर्ज गेला की जमीन सरकल्यासारखी वाटते, आणि मग ड्रमचा इशारा येतो. हेडफोन लावून तपासा.

ढोलकी_गोंदिया

तपासलं. दोन जागी तुमचं बरोबर आहे. तिसऱ्या जागी, ऑर्गन एकटा राहतो त्याच्या जरा आधी, खर्ज चालूच आहे आणि ड्रमने लय बदलली आहे. तिथे डावा हात ड्रमच्या मागे जातो. ती जागा शोधा, मग पुढचं बोलू.